शिल्लक कुणाच्या खात्यात?

भाच्यानं कागदावर मधोमध उभी रेघ मारली होती. डावीकडे पुणे, उजवीकडे कोल्हापूर. चाकणच्या कारखान्यात त्याला ४६,००० रुपये मिळतात. बायको एका खासगी रुग्णालयात डायलिसिस टेक्निशियन, तिला २८,०००. मोशीतल्या दोन खोल्यांचं भाडं १६,०००, मुलीच्या पाळणाघराचे ७,०००, दोन गाड्यांचं पेट्रोल ५,०००. उरले ४६,०००. उजव्या बाजूला शिरोली एमआयडीसीतली नवी नोकरी, ३८,०००. बायकोला कोल्हापुरात १४,००० मिळतील असा अंदाज. राजारामपुरीत वडिलांचं घर आहे म्हणून भाडं नाही, आई आहे म्हणून पाळणाघर नाही, पेट्रोल २,०००. उरले ५०,०००.

"पगार कमी, शिल्लक जास्त. आत्ती, तूच सांग, मग पुण्यात कशाला कुजायचं?"

आत्ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. हिशेबाची वही तपासावी तसा तिनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"तुझा पगार घटला किती?"

"आठ हजार."

"म्हणजे सहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त. आणि तिचा?"

भाचा क्षणभर थांबला. "निम्मा."

"मग शिल्लक वाढली म्हणू नकोस. तुझं थोडं गेलं, तिचं निम्मं गेलं, आणि तू बेरीज करून दोन्ही झाकून टाकलंस."

अशा वादात वडीलधाऱ्यांनी 'गावाकडे या' म्हणायचं आणि तरुणांनी शहराची बाजू घ्यायची, असा रिवाज आहे. इथं गाडी उलटी धावत होती. पस्तिशीतल्या भाच्याला घरी परतायचं होतं आणि सगळी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यात काढलेली आत्ती पुण्याची वकिली करत होती. पुण्याची म्हणण्यापेक्षा, सुनेच्या पगाराची.

भाच्याचा मुद्दा कच्चा नव्हता. पगाराचा आकडा गावोगाव वेगळा वजनाचा असतो, हे सरकारलाही मान्य आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ वेतनाच्या ३०, २० किंवा १० टक्के मिळतो. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक दुसऱ्यात. राज्यातली किमान वेतनंही बहुतेक उद्योगांत परिमंडळानुसार ठरतात. तेच काम महापालिकेच्या हद्दीत केलं तर एक दर, तालुक्याच्या आडबाजूला केलं तर दुसरा. तेव्हा मोशीतले ७४,००० आणि राजारामपुरीतले ५२,००० शेजारी ठेवून पहिल्याला मोठं म्हणणं हा भाबडेपणाच.

"आणि तू कुठं गेलीस गं पुण्याला?" भाच्यानं टोचलं. "तू आणि काकांनी जन्म इथंच काढला की."

"काढला. पण का काढता आला ते बघ. माझं मूळ वेतन चंदगडला तेवढंच होतं आणि शिरोळला तेवढंच. घरभाडं चार पैसे कमी-जास्त, एवढाच फरक. नवऱ्याच्या मागं गेले म्हणून माझा पगार एक रुपयानं कमी झाला नाही."

तरी तिचा संसार सरळ रेषेत झाला नव्हता. एकाच जिल्ह्यात राहूनही नवरा चंदगडच्या जंगलाकडच्या शाळेत आणि ती शिरोळच्या ऊसपट्ट्यात, अशी वर्षं तिनं काढली होती. शिक्षकांच्या बदल्यांमध्ये 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा स्वतंत्र संवर्ग आहे. दोघांच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्याखाली अर्ज करता येतो. केंद्र सरकारनंही सप्टेंबर २००९ मध्ये नवरा-बायकोला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं असं फर्मान काढलं. मुद्दा असा की सरकारी वेतनश्रेणीत जागा बदलल्यानं पगार पडत नाही, म्हणून दोघांना एकत्र आणण्यासाठी फक्त बदलीचा नियम लागतो. खासगी नोकरीत जागा बदलली की पगार नव्यानं ठरतो, आणि तो नवरा-बायकोचा सारख्या प्रमाणात पडत नाही.

अर्थशास्त्रात यावर नेमका विचार जेकब मिन्सर यांनी १९७८ साली मांडला. कुटुंब गाव बदलतं ते सगळ्यांच्या फायद्या-तोट्याची एकत्र बेरीज करून. एकाला मोठा फायदा आणि दुसऱ्याला थोडा तोटा असेल तरी बेरीज अधिक येते आणि बिऱ्हाड हलतं. ज्याचा तोटा झाला तो फरफटत जातो. मिन्सर यांच्या अमेरिकेत फरफटणारी बहुतेक वेळा बायकोच होती. नव्या गावात तिची कमाई घटायची किंवा थांबायची. उलट प्रकारही त्यांनी नोंदवला, दुसरीकडे चांगली संधी असून जोडीदारासाठी जागेवर थांबलेल्यांचा. भाच्याच्या कागदावरची आकडेमोड म्हणजे मिन्सर यांचंच गणित, फक्त मराठीत.

भाच्यानं मग गिरणगाव काढलं. त्याचे पणजोबा परळच्या गिरणीत होते, हा घरातला जुना विषय.

"पगाराच्या मागं गेलेल्यांचं काय झालं, सांग. पणजोबा मुंबईत, पणजी गावात. वर्षातनं दोनदा गाठ. त्याला तू संसार म्हणतीस?"

इतिहास त्याच्या बाजूनं बोलतो. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे पुरुष, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या, आणि महिन्याच्या मनीऑर्डरीवर चालणारी कोकणातली, साताऱ्या-कोल्हापुरातली घरं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि ही सगळी रचना कोसळली. खुणा मात्र राहिल्या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६; आणि दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या त्या दशकात घटलेली.

आत्तीनं हे सगळं मान्य केलं आणि निष्कर्ष मात्र भलताच काढला.

"पगारानं त्यांना तोडलं न्हवं रे. पगार एकट्या माणसापुरता होता, त्यानं तोडलं. गिरणीवाल्याला ठाऊक होतं की याच्या बायकापोरांचं पोट गावचं शेत भरतंय. म्हणून तो तेवढ्यावर भागवू शकला. आता तुझ्या शिरोलीच्या मालकाकडं बघ. पुण्यात ४६,००० घेणारा माणूस त्याला ३८,००० त का मिळतोय? राजारामपुरीचं घर तुझ्या बापानं बांधलंय म्हणून. भाड्याचे पैसे तुझा बाप भरतोय आणि सवलत मालकाला मिळतेय."

या वाक्यावर कोल्हापूरच्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याशी दोन तास वाद घालता येईल. तो म्हणेल, माझे भाव पुण्या-चाकणच्या मोठ्या कंपन्या ठरवतात, मी जास्त देऊ कुठून? तेही खोटं नाही. पण वडिलोपार्जित घर असलेला कामगार कमी पगारावर टिकतो आणि नसलेला टिकत नाही, हे लहान शहरांच्या पगारांमागचं क्वचितच बोललं जाणारं कारण आहे. भाच्याची बायको लातूरची. तिचं कोल्हापुरात ना घर, ना ओळखपाळख, ना जुने सहकारी. तिच्यासाठी कोल्हापूर म्हणजे फक्त कमी पगाराचं पुणे.

ऊसपट्ट्यात शाळा चालवलेल्या आत्तीकडे आणखी एक उदाहरण होतं आणि ते तिनं इथंच काढलं. दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या शिरोळ-हातकणंगल्यात उतरत. कारखान्याच्या कडेला खोपी पडत, आणि तिच्या वर्गात पटावर नसलेली पोरं खिडकीतून डोकावत. ऊसतोडीत मजुरीचं एकक माणूस नाही, जोडपं आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. एकट्या माणसाला उचल मिळणं अवघड, म्हणून त्या भागात लग्नं लवकर उरकली जातात. पाळी आणि बाळंतपणात बुडणारे खाडे टाळण्यासाठी बीडमधल्या बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्याचं २०१९ साली उजेडात आलं आणि राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. वाढ कोयत्याला झाली. त्यातले बाईचे किती, हा प्रश्न करारात येत नाही.

"जोडपं एकत्र राहतं, दोघं राबतात, आणि कुठं राहायचं ते मुकादम ठरवतो," आत्ती म्हणाली. "तिच्या नावावर पैसा नाही, म्हणून तिचं मतही नाही. तुझा हा कागद तसलाच. दोघांचा मिळून एक कोयता केलास."

भाच्याला ते लागलं. त्यानं आवाज चढवला नाही, पण पुढचा मुद्दा पुढं सरसावून मांडला, आणि या लेखाच्या दृष्टीनं तो त्याचा सर्वात भक्कम मुद्दा होता. २०२० च्या टाळेबंदीत चाकणची कंपनी बंद राहिली, पगार अर्धा झाला आणि घरमालकानं भाडं सोडलं नाही. त्या काळात धान्य आलं ते कोल्हापुरातून, उसने पैसे दिले ते चुलत्यानं, आणि परत कधी देतोस असं कुणी विचारलं नाही.

"हे कुठल्या रकान्यात लिहू, सांग."

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २०१६ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत हाच रकाना मांडून दाखवला. भारतात खेड्यापेक्षा शहरात मजुरी बरीच जास्त असूनही पुरुष कायमचं स्थलांतर इतकं कमी का करतात? त्यांचं उत्तर असं की जातीतले, भावकीतले लोक अडीअडचणीला एकमेकांना पैसे पुरवतात. गाव सोडलेला माणूस त्या आधारातून बाहेर पडतो. त्याआधी १९८९ मध्ये रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेनं वर्षानुवर्षं पाहणी केलेल्या गावांची आकडेवारी तपासली होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्या पाहणीत सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतली गावं होती. त्यांना दिसलं की कोरडवाहू शेतीचं उत्पन्न जिथं लहरी, तिथं मुली लांबच्या गावी देण्याकडे कल असतो. इथं पाऊस हुकला तरी सोयऱ्यांच्या गावी पडला असेल, हा त्यामागचा हिशेब.

म्हणजे नातं हा विमाच, आणि पगाराच्या पावतीवर त्याचा हप्ता दिसत नाही. भाच्याच्या बाजूनं एवढं निर्विवाद. पण त्या दुसऱ्या अभ्यासातली गंमत त्याच्या ध्यानात आली नव्हती: तिथं विम्यासाठी गाव सोडत होत्या मुली. मुलगे आपापल्या शिवारात होते.

मोठ्या शहराच्या बाजूनं नेहमी उद्धृत होणारा अभ्यास डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांचा. दोघंही पदवीधर असलेल्या अमेरिकी जोडप्यांपैकी १९४० साली ३२ टक्के मोठ्या महानगरांत राहत होती. १९९० पर्यंत प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं. दोघांनाही आपापल्या शिक्षणाची नोकरी एकाच गावात हवी असेल तर ते गाव मोठंच लागतं, असा त्यांचा अर्थ. पुढं २००७ मध्ये जॅनिस कॉम्प्टन आणि रॉबर्ट पोलाक यांनी त्यावर प्रश्नचिन्ह लावलं. त्यांच्या मते अशी जोडपी मुद्दाम शहर निवडून येतात असं नाही. मोठ्या शहरात शिकलेले अविवाहित गोळा होतात आणि लग्नं तिथं जुळतात. भाचा आणि त्याची बायको पुण्यात एकाच भिशीच्या ग्रुपमध्ये भेटले होते. तेव्हा दोघांच्या पगारांचा विचार करून पुणं निवडलं, असं त्यांना म्हणता येणार नाही. निवड आत्ता पहिल्यांदाच होते आहे.

आपल्या आकडेवारीत तर ही निवड दिसतच नाही. २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातल्या ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित निघाल्या आणि त्यांपैकी ८६.८ टक्के बायकांनी कारण सांगितलं लग्न. सर्वेक्षणात मुख्य कारण एकच नोंदवतात. लातूरची मुलगी लग्न करून कोल्हापूरला आली आणि निम्म्या पगारावर कामाला लागली, तर तिच्या रकान्यात 'लग्न' येणार. निम्मा पगार कुठंच येणार नाही. दुसरीकडे गावात राहणाऱ्या मुलांना मुली मिळेनात म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी तो करमणुकीच्या अंगानं छापला. आत्तीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

"पोरी शिकल्या, आणि आपल्या शिक्षणाला कुठल्या गावात किती पैसे मिळतात ते त्यांना कळलं. मोर्चा काढायचाच होता तर तालुक्यात पोरींना पगार द्या म्हणून काढायचा."

मधल्या वाटा दोघांनी भराभर निकालात काढल्या. घरून काम करण्याची सोय डायलिसिसच्या मशीनला नाही. मुंबई-पुणे असतं तर १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन होती, पासधारकांचा डबा होता, लोणावळ्या-तळेगावात घर घेता आलं असतं. कोल्हापूर-पुण्यात सव्वादोनशेहून जास्त किलोमीटर आहेत. शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर चालणारा संसार भाच्याला नको होता. आत्तीला तर मुळीच नको होता. तिनं तो केलेला होता.

राहिला खरा प्रश्न: कोल्हापुरात त्याच कामाला निम्मे पैसे का? भाचा म्हणाला, लहान शहर, रुग्णांची ऐपत कमी. आत्ती म्हणाली, ते अर्धंच खरं.

जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली दाखवलं होतं की माल विकणारा एकच असला की भाव चढतो, तसं कामाला ठेवणारे मोजकेच असले की मजुरी उतरते. डायलिसिस केंद्रं हाताच्या बोटांवर असतील तर टेक्निशियनला 'मग मी पलीकडे जाते' असं म्हणता येत नाही. त्यात तिचं घर नवऱ्याच्या नोकरीनं आणि सासऱ्यांच्या मालमत्तेनं जागेला खिळलेलं असेल, तर मालकाला मुलाखतीतच कळतं की ही कुठं जाणार नाही. 'मिस्टर कुठं असतात?' हा प्रश्न गप्पांचा वाटतो, पण पगार ठरवताना त्याचं उत्तर उपयोगी पडतं. पगार बघून जोडपी गाव निवडतात हे खरंच. पण जोडप्यांनी कुठं राहायचं ते आधीच ठरवून टाकलेलं असलं की तेही पगारात उतरतं, आणि ते दोघांपैकी मागून येणाऱ्याच्या पगारात उतरतं.

"शिवाय १४,००० ची नोकरी टिकत नसते," आत्तीनं पुढं जोडलं. "पोरगी दोनदा आजारी पडली की तूच म्हणशील, एवढ्याशा पैशासाठी कशाला दगदग. २८,००० ला कुणी असं म्हणत नाही."

इथं भाच्यानं एक गोष्ट सांगितली, जी खरं तर त्यानं आधीच सांगायला हवी होती. बायकोनं स्वतः मिरजेत चौकशी केली होती. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण येतात. रुग्णालयं पुष्कळ, म्हणून कामाला माणसं हवी असणारेही पुष्कळ. तिला २१,००० सांगितले होते, आणि तिनं २३,००० मागितले होते. राहायचं जयसिंगपुरात: तिला रेल्वेनं मिरज जवळ, त्याला शिरोली तीसेक किलोमीटर.

"मग बिघडलं कुठं?"

"शिल्लक बघ की. २१,००० च धरले तरी दोघांचे ५९,०००. त्यात भाडं ८,०००, पाळणाघर ४,०००, पेट्रोल नि पास मिळून ५,०००. उरतात ४२,०००. पुण्यापेक्षा कमी, राजारामपुरीपेक्षा तर आठ हजारांनी कमी. घरचं घर सोडून पस्तीस किलोमीटरवर भाड्यानं राहायचं, आणि वर आठ हजार गमवायचे? लोक काय म्हणतील ते सोड, मलाच पटत नाही."

"तिला पटतंय?"

"ती म्हणतीय, दोन वर्षांत मिरजेतच दुसरीकडं गेले तर पगार वाढेल. कोल्हापुरात वाढणार नाही."

"मग तिनं दोन वर्षांचा हिशेब केलाय, आणि तू एका महिन्याचा."

भाच्यानं शेवटचा आधार घेतला. जयसिंगपुरात आई नाही. पोरीला परक्याच्या ताब्यात द्यायचं त्याच्या मनाला येत नव्हतं. राजारामपुरीत पाळणाघराचे पैसे वाचतात, हा या सगळ्या हिशेबातला सर्वात पक्का आकडा, असं तो म्हणाला.

"आईला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? नात आहे तिची."

आत्तीनं चष्मा काढून कागदावर ठेवला. तिच्या वहिनीनं दोन वर्षांपासून शिकायला आलेल्या मुलांना डबे द्यायला सुरुवात केली होती. पहाटे पाचला गॅस पेटतो, अकराला पहिली फेरी जाते, दुपारी भांडी आणि भाजी, सातला दुसरी फेरी. दीड-दोन वर्षांच्या पोरीला सांभाळायच्या वेळा नेमक्या याच.

"तुझी आई डब्यांतनं महिन्याला किती मिळवते, माहीत आहे?"

भाच्याला माहीत नव्हतं.

"खर्च वजा जाता नऊ हजार," आत्ती म्हणाली.